राग, गुस्सा आणि शिक्षकाचा निवाडा : भावनांच्या व्यवस्थापनाविषयी काही विचार

प्रस्तावना

शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात 'भावनांचे व्यवस्थापन' हा विषय आता नेहमीचा झाला आहे. १९९० मध्ये पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना एका शोधनिबंधातून मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या त्याच नावाच्या पुस्तकाने ती जगभरच्या सामान्य वाचकांपर्यंत नेली. तेव्हापासून या विषयावर भरपूर बोलले जाते. परंतु बहुतेक व्याख्यानांत 'सकारात्मक राहा', 'मन शांत ठेवा' असा सर्वसाधारण उपदेश असतो आणि चहापानानंतर आपण तो विसरून जातो.

प्रस्तुत लेखात सर्व भावनांचा विचार न करता राग या एकाच भावनेचा विचार केला आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की शिक्षकाच्या हातात सत्ता असते. तो एखाद्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर उभे करू शकतो, वर्गाबाहेर काढू शकतो, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्याच्याच लेखणीत असतात. शिक्षक दुःखी असेल तर त्याचा त्रास मुख्यतः त्याला स्वतःला होतो. शिक्षक रागावलेला असेल तर त्याचा त्रास साठ विद्यार्थ्यांना होतो. दुसरे कारण वैयक्तिक आहे. ते आधीच सांगून टाकणे बरे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी आठचा पहिला तास चालू होता. एक विद्यार्थी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा उशिरा दारात येऊन उभा राहिला. मी शिकवणे थांबवले आणि म्हणालो, "या, नवरदेव या! वरात कुठे ठेवली?" वर्ग खो खो हसला. मुलगा खाली मान घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. त्याच दिवशी दुपारी अंतर्गत गुणांची यादी पूर्ण करताना त्याच्या नावापुढे वीसपैकी चौदा लिहिण्याऐवजी मी अकरा लिहिले. त्या वेळी मला ती शिस्त वाटली.

त्यानंतर तो नऊ दिवस वर्गात आला नाही. दहाव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. घरात वडील नव्हते. मुलगा पहाटे तीनपासून एका बेकरीत कणीक मळण्याचे व पाव भाजण्याचे काम करत असे आणि साडेसातला सुटून तसाच महाविद्यालयात येत असे. मी म्हणालो, "तो माझ्यावर रागावला असेल." त्याची आई शांतपणे म्हणाली, "उसकू गुस्सा नै आया सर, शरम आई."

मी दोन भाषा शिकवतो. परंतु राग आणि शरम यांतला फरक मला त्या माऊलीने शिकवला. घरी परतताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या सकाळी मला जो राग आला होता, तो त्या मुलाचा नव्हताच. आदल्या दिवशी एका कचेरीत थकलेल्या वेतनाची चौकशी करण्यासाठी मी गेलो होतो. तेथे मला तासभर उभे ठेवले गेले आणि उत्तर न देताच परत पाठवले गेले. तेथे मी काही बोललो नाही. वर्गात बोललो. मराठीत याला 'वड्याचे तेल वांग्यावर काढणे' म्हणतात. आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर किंवा अतिथी व्याख्याते म्हणून काम करणारे अनेक सहकारी आहेत. त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही.

शब्दांपासून सुरुवात

रागाचा अभ्यास शब्दांपासून सुरू करणे हा भाषाशिक्षकाचा स्वभाव झाला. पण त्यात लाभही आहे. मराठीत 'राग' म्हणजे क्रोध. उर्दूत 'राग' म्हटले की गाणे आठवते. दोन्हींचे मूळ संस्कृत 'रञ्ज्' धातूत आहे. त्याचा अर्थ रंगणे, रंग चढणे असा होतो. त्यातूनच तांबडेपणा, आसक्ती, तीव्र भावना असे अर्थ निघाले. रागावलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो हे आपण पाहतोच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला समोरचे सारे जग त्याच एका रंगात दिसू लागते.

'गुस्सा' या शब्दाचा प्रवास त्याहून बोलका आहे. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ घशात अडकलेली वस्तू, दाटून आलेला आवंढा. फारसीत जाऊन त्याचा अर्थ दुःख झाला. उर्दूत येऊन तो राग झाला. एकाच शब्दाने घशातला आवंढा, दुःख आणि राग असा प्रवास करावा यात मानवी मनाचे निरीक्षण आहे. अनेकदा रागाच्या तळाशी न बोललेले दुःख, अपमान किंवा भीती अडकलेली असते. माझ्या गुस्स्याच्या तळाशी कचेरीतला अपमान होता.

आपल्या भाषांत रागाच्या छटा किती आहेत ते पाहा. वैतागणे, चिडणे, रुसणे, धुसफुसणे, संतापणे, त्रागा करणे, कुढणे, डूख धरणे. उर्दूत नाराज होणे, खफा होणे, तैशात येणे. ही सारी एकाच गोष्टीची नावे नव्हेत. वैतागलेल्याला विश्रांती हवी असते, रुसलेल्याला आपुलकी हवी असते, संतापलेल्याला न्याय हवा असतो. कुढणारा काहीच मागत नाही, म्हणून त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

आपल्याला नेमके काय झाले आहे याला नाव देणे हीच व्यवस्थापनाची पहिली पायरी होय. याला प्रयोगाचा आधार आहे. मॅथ्यू लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना भावना व्यक्त करणारे चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्द देताना मेंदूतील 'अमिग्डाला' या भागाची खळबळ कमी झालेली आणि कपाळामागील भागाची क्रिया वाढलेली आढळली. ज्या मुलाला फक्त 'टेन्शन' हा एकच शब्द ठाऊक आहे, त्याला आपल्या मनात काय चालले आहे हे ओळखणेही कठीण जाते. म्हणून भावनांचे शब्द शिकवणे हे केवळ भाषेचे काम नव्हे, ते जगण्याचेही शिक्षण आहे.

रागात शरीरात काय घडते

अमिग्डाला हा मेंदूच्या आतील बदामाच्या आकाराचा लहान भाग आहे. धोक्याची चाहूल लागताच तो शरीराला सावध करण्यात मोठा भाग घेतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनालिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये वेदना, भूक, भीती व राग यांत शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. लढणे किंवा पळणे यांसाठी होणारी ही तयारी आहे असे त्याने दाखवले. आपली 'तळपायाची आग मस्तकात जाणे' ही म्हण याच अनुभवाची आहे.

ही तयारी वाघासमोर उपयोगी आहे, हजेरीपटासमोर नाही. विचार करणारा, परिणाम तोलणारा मेंदूचा भाग त्या क्षणी मागे पडतो. त्यामुळे रागाच्या भरात घेतलेला निर्णय आपल्याला अत्यंत योग्य वाटतो आणि शरीर शांत झाल्यावर तोच निर्णय लाजिरवाणा वाटतो. दोन्ही वेळी माणूस एकच असतो, फक्त शरीराची अवस्था वेगळी असते. यावरून एक साधा निष्कर्ष निघतो. राग येणे आपल्या हातात नाही, परंतु राग आणि निर्णय यांच्यामध्ये अंतर ठेवणे आपल्या हातात आहे.

दोन चुकीच्या वाटा

रागाविषयी आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध सल्ले दिले जातात. पहिला सल्ला म्हणजे 'मनात ठेवू नका, सगळा राग बाहेर काढा.' उशीला ठोसे मारा, ओरडा, म्हणजे मन मोकळे होईल असे समजले जाते. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याची तपासणी झाली. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवले त्याला मनात आणून ठोसे मारण्याच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. जे दोन मिनिटे नुसते बसून राहिले, ते सर्वांत कमी आक्रमक ठरले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १५४ अभ्यास आणि १०,१८९ व्यक्ती यांचा एकत्रित विचार करण्यात आला. शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या उपायांनी (सावकाश श्वसन, ध्यान, शिथिलीकरण) राग कमी होतो. उत्तेजना वाढवणाऱ्या उपायांनी एकंदरीत तो कमी होत नाही, असे त्यात आढळले.

दुसरा सल्ला याच्या उलट आहे. 'गप्प बसा, चेहऱ्यावर दाखवू नका.' जेम्स ग्रॉस यांनी १९९८ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना किळसवाण्या दृश्यांची चित्रफीत दाखवली. एका गटाला भावना चेहऱ्यावर न दाखवण्यास सांगितले आणि दुसऱ्या गटाला त्या दृश्याकडे वेगळ्या दृष्टीने, तटस्थपणे पाहण्यास सांगितले. पहिल्या गटाचे चेहरे शांत राहिले. पण आतली भावना कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण वाढला. दुसऱ्या गटात मात्र भावनाच सौम्य झाली. ग्रॉस यांनी जेन रिचर्ड्स यांच्यासह २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, भावना दडपणाऱ्यांना त्या वेळी घडलेल्या गोष्टी कमी आठवतात असेही दिसून आले. दात-ओठ खात तास घेणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याने काय विचारले हे आठवत नाही, याचे कारण येथे सापडते.

तात्पर्य, राग ओकणे हा उपाय नव्हे आणि नुसता गिळणे हाही नव्हे. मग तिसरी वाट कोणती?

पखालीचे तोंड

कुरआन शरीफच्या 'आले-इम्रान' या सूरहच्या १३४ व्या आयतीत सज्जनांच्या गुणांचा उल्लेख आहे. त्यात राग आवरणाऱ्यांसाठी जो शब्द आला आहे, तो 'कज़्म' या मूळापासून बनला आहे. अरबी कोशकार या मूळाचा अर्थ सांगताना पखालीचा दाखला देतात : पखाल पाण्याने पूर्ण भरल्यावर तिचे तोंड बांधणे.

हे चित्र नीट पाहण्यासारखे आहे. पखाल रिकामी नाही. आत पाणी नाही असे ढोंगही नाही. पाणी आहे, पूर्ण भरलेले आहे, परंतु तोंड बांधलेले असल्यामुळे ते रस्त्यात सांडत नाही. जेथे हवे तेथे, हवे तेवढे सोडता येते. राग आवरणे म्हणजे राग नाकारणे नव्हे. त्याचे तोंड आपल्या हातात ठेवणे होय.

शिवाय ती आयत राग आवरण्यावर थांबत नाही. त्यानंतर लोकांना क्षमा करण्याचा आणि त्यानंतर 'इहसान' म्हणजे भलाई करण्याचा उल्लेख येतो. म्हणजे आवरणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. पखाल कायमची बांधून ठेवली तर पाणी नासते. इमाम गझाली (१०५८–१११९ नव्हे, १०५८–११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथात राग, आकस आणि मत्सर यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यात ते दाखवतात की बदला घेता येत नाही म्हणून आत परतवलेला राग नाहीसा होत नाही. तो आकस बनतो आणि आकसातून मत्सर जन्मतो. मराठीतील 'कुढणे' आणि 'डूख धरणे' या क्रियापदांतला संबंध हाच आहे. वर उल्लेखिलेल्या प्रयोगांतून आजचे मानसशास्त्रही त्याच दिशेने बोट दाखवते.

गझालींचा दुसरा विचारही ध्यानात घ्यावा. राग समूळ नष्ट करावा असे ते म्हणत नाहीत. राग मुळीच नसणे हाही त्यांच्या मते दोष आहे. बुद्धी हा शिकारीला निघालेला स्वार, वासना हा घोडा आणि राग हा शिकारी कुत्रा, असे रूपक त्यांनी वापरले आहे. शिकवलेला कुत्रा उपयोगाचा असतो. न शिकवलेला कुत्रा मालकालाही चावतो.

मराठी परंपरेलाही हा विषय नवा नाही. 'ताटीचे अभंग' आपण वर्गात शिकवतो. लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसतात आणि धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेरून त्यांची समजूत घालते, अशी त्यामागची परंपरागत कथा आहे. येथे विद्वान आत अडकलेला आहे आणि वयाने लहान बहीण त्याला बाहेर आणते आहे. श्रीगोंद्याचे सूफी-संत शेख महंमद यांच्या मराठी ग्रंथाचे नावच 'योगसंग्राम' आहे. हा संग्राम बाहेरच्या शत्रूशी नसून आतला आहे. आपले विद्यार्थी या दोन्ही परंपरांचे वारस आहेत.

पहिलवान आणि काझी

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे की जो दुसऱ्याला चीत करतो तो खरा बलवान नव्हे, रागाच्या वेळी जो स्वतःला काबूत ठेवतो तो खरा बलवान. बेळगाव-कोल्हापूर भागात तालमीची परंपरा असल्यामुळे ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना चटकन समजते. पहिलवान आखाड्यात एका दिवसात तयार होत नाही. रोजच्या जोर-बैठकांनी तो तयार होतो. राग आवरण्याची ताकदही सरावानेच येते, उपदेशाने येत नाही.

हदीस-साहित्यात यासाठी अगदी साधे शारीरिक उपायही आहेत : राग आल्यास गप्प राहावे, उभे असल्यास बसावे आणि तरीही राग न गेल्यास आडवे व्हावे, वुजू करावा. या सर्व उपायांत एक समान सूत्र आहे. ते शरीराची उत्तेजना खाली आणतात आणि वेळ मिळवून देतात. २०२४ च्या आढाव्याचा निष्कर्ष यापासून दूर नाही.

तथापि शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची हदीस मला वेगळीच वाटते. हजरत अबू बकरा (रजि.) यांचे चिरंजीव सिजिस्तान येथे होते. वडिलांनी त्यांना पत्र लिहून कळवले की रागात असताना दोन माणसांमध्ये निवाडा करू नकोस, कारण पैगंबरांनी (स.) तशी मनाई केल्याचे मी ऐकले आहे. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. फिकहच्या विद्वानांनी हा नियम पुढे वाढवला. अतिशय भूक, तहान, झोप किंवा दुःख यांनी मन विचलित असेल तरीही काझीने निकाल देऊ नये, असे त्यांनी सांगितले.

शिक्षक दिवसातून कितीतरी वेळा काझी असतो. कोण उशिरा आला, कोणी नक्कल केली, कोणाला किती गुण, कोणाची हजेरी ग्राह्य धरायची, हे सारे निवाडे आहेत. काझीला अपिलाचे भय तरी असते. वर्गातल्या आपल्या निवाड्यावर बहुधा अपील होत नाही. विद्यार्थी फक्त येईनासा होतो.

शांत वेळची औषधे

अबू ज़ैद अल-बल्खी (निधन ९३४) या विद्वानाने शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' हा ग्रंथ लिहिला. मनाच्या भागात त्याने राग, भीती, दुःख आणि वसवसा म्हणजे सतत छळणारे विचार यांची स्वतंत्र चर्चा केली आहे. या भागाचा सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अल-बल्खीचा एक सल्ला अत्यंत व्यवहार्य आहे. अचानक येणाऱ्या आजारासाठी आपण घरात औषधे जमवून ठेवतो. त्याचप्रमाणे मन शांत असताना योग्य विचार तयार करून ठेवावेत आणि भावना उसळल्यावर ते वापरावेत.

भडकलेल्या मनाला नवा विचार सुचत नाही. आधी तयार असलेला मात्र आठवू शकतो. आजच्या मानसशास्त्रात पीटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात 'असे झाले तर मी असे करीन' या स्वरूपाच्या पूर्वनिश्चित संकल्पांचा उपयोग दाखवला आहे. तो याच जातीचा आहे. माझे स्वतःचे असे एक वाक्य आहे. विद्यार्थी उशिरा आला की मनात म्हणतो, 'हा रात्री कुठे होता, मला ठाऊक नाही.' एवढ्याने अर्धा राग उतरतो, कारण ते खरे असते.

वर्गासाठी काही व्यवहार्य सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील गोष्टी करून पाहता येतील. त्यांना खर्च नाही.

१) वर्गाच्या दारात थांबून स्वतःला एक प्रश्न विचारावा : 'मी बाहेरून काय घेऊन आलो आहे?' कचेरीतला, घरातला किंवा रस्त्यावरचा राग ओळखला तर तो वांग्यावर निघत नाही.

२) राग चढल्याचे जाणवताच बोलणे थांबवून खुर्चीवर बसावे. चार-पाच श्वास घ्यावेत. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब असावा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके स्वाभाविकपणे किंचित मंदावतात. फळ्यावर तारीख लिहिणे, हजेरीपट उघडणे यांनीही तेवढा वेळ मिळतो.

३) रागाच्या दिवशी गुण देऊ नयेत. ज्या विद्यार्थ्याशी वाद झाला असेल त्याचे मूल्यमापन किमान एक रात्र पुढे ढकलावे. शक्य असल्यास उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून तपासावे किंवा सहकाऱ्याला दाखवावे.

४) विद्यार्थ्याला बोलायचे असेल ते एकट्याला बोलावे. चारचौघांतली थट्टा ही रागाचीच सभ्य दिसणारी बहीण आहे. तिने शिस्त लागत नाही. शरम वाटते, आणि शरमेने माणूस सुधारत नाही, लपतो.

५) भाषेच्या तासाला भावनांच्या छटांचा शब्दसंग्रह विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीतले, मग ती दखनी असो, कोंकणी असो वा कन्नड, शब्द आणावेत. माझ्या अनुभवात विद्यार्थी या तासाला सर्वांत जास्त बोलतात.

६) चूक झाली तर जेथे ती झाली तेथेच कबूल करावी. वर्गात केलेल्या अपमानाची माफी शिक्षक-कक्षात मागून भागत नाही.

काही मर्यादा

भावनांचे व्यवस्थापन हा शब्द काही वेळा दुर्बलांना गप्प करण्यासाठी वापरला जातो. मुलीचे शिक्षण थांबवले जाते आणि तिला 'सब्र कर' असे सांगितले जाते. कर्मचाऱ्याचे वेतन थकते आणि त्याला तणाव-मुक्तीचे व्याख्यान ऐकवले जाते. हा सब्रचा अर्थ नव्हे. या अरबी शब्दाच्या मुळाशी स्वतःला रोखून धरणे, टिकून राहणे हा भाव आहे. अन्याय मुकाट्याने मान्य करणे हा नाही. अन्यायाविषयीचा राग योग्य असतो. त्याचे तोंड बांधायचे ते अशासाठी की तो अर्जात, चर्चेत, संघटित मागणीत योग्य जागी सोडता यावा.

दुसरी मर्यादा अशी की प्रत्येक राग सरावाने आवरत नाही. सतत चिडचिड, झोप न लागणे, घरात हात उगारला जाणे, जगण्याची इच्छा न उरणे ही लक्षणे दिसल्यास उपदेश न करता वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून अनेक भारतीय भाषांत तेथे बोलता येते. हा क्रमांक वर्गाच्या सूचनाफलकावर असावा.

समारोप

सारांश, राग हा शत्रू नव्हे, परंतु तो वाईट न्यायाधीश आहे. त्याला नाव द्यावे, शरीराला शांत होऊ द्यावे, शांत वेळी तयार ठेवलेला विचार आठवावा आणि निवाडा त्यानंतरच करावा. दहाव्या शतकातील अल-बल्खी, अकराव्या शतकातील गझाली आणि आजची प्रयोगशाळा या मुद्द्यावर एकमेकांच्या बऱ्याच जवळ येतात. चांगले जीवन म्हणजे राग नसलेले जीवन नव्हे. आपल्या रागाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू नये असे जीवन होय.

तो विद्यार्थी परत आला. त्याच वर्गात, त्याच साठ विद्यार्थ्यांसमोर मी त्याची माफी मागितली. वर्ग हसला नाही. त्याने मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बाकावर बसला. उशीर होत राहिला आणि मी तो हजेरीत धरणे सोडून दिले. अंतर्गत गुणांची यादी मात्र तोवर पुढे गेली होती. ते तीन गुण मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून वादाच्या दिवशी मी गुणपत्रक उघडत नाही.